बेनीबाईचा झगा

चाळीस वर्षं मी लोणावळ्याच्या बाजारात शिवणकाम केलं आणि त्यातली बहुतेक वर्षं कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचे झगे शिवले. आता दुकानाला कुलूप आहे. गुडघे पायमशीन मारायला तयार नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही तयार नाही. एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाइकांचे किस्से लिहा, गमतीजमती लिहा." किस्से आहेत. शेवटी गंमत उरत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. मग फराळाची चव गेली म्हणून मला बोल लावू नका.

लोक विचारतात, तुम्ही कपाळाला गंध लावणारे शिंपी, तुमच्याकडे हे काम आलं कसं? साधं आहे. त्यांच्या शाळेचे गणवेश एका वर्षी माझ्याकडे आले होते. तेव्हाच्या मदर, म्हणजे मठाच्या प्रमुख, स्वतः दुकानात आल्या. त्यांनी एक फ्रॉक उचलला, उलटा केला आणि आतली शिवण पाहिली. बाहेरून पाहिलंच नाही. म्हणाल्या, "उद्या आमच्याकडे या." बस. मला कुणी धर्म विचारला नाही, मीही कुणाला विचारला नाही. त्या काळी तशी पद्धत नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कॉन्व्हेंटचा झगा म्हणजे पायघोळ पांढरा, मनगटापर्यंत बाह्या, पुढे छातीपासून खाली तीन चुण्या, उजवीकडे खोल खिसा. डोक्यावर व्हेल, म्हणजे खांद्यामागे सोडलेलं पांढरं कापड, आणि त्याला दोन बोटं रुंद राखी-निळी फीत. ती फीत हाताने लावायची, मशीनवर ती ओढली जाते. ते काम आमच्या हिचं. चुण्या तिन्ही सारख्या पडायला हव्यात. एक जरी सैल पडली तर चालताना झगा एका अंगाला जातो आणि माणूस लंगडल्यासारखा दिसतो. वाटतो तितका सोपा कपडा नाही तो. लग्नातला घागरा शिवणं सोपं, कारण त्यातल्या चुका टिकल्यांखाली झाकता येतात. पांढऱ्या साध्या झग्यावर काहीच झाकलं जात नाही.

आणि एक गंमत. चाळीस वर्षांत मी एकाही सिस्टरच्या अंगाला टेप लावली नाही. त्यांच्यात परपुरुषाने माप घ्यायची रीत नव्हती. जुना झगा पाठवायच्या, त्यावरून नवा बेतायचा. त्या जुन्या झग्यांवरून मला माणसं कळायची. कुणाचा उजवा खांदा उतरलाय, कुणाच्या पाठीला पोक यायला लागलंय, कोण बारीक झालीय. सगळ्यांच्या झग्यांना गुडघ्यावर दोन जागा विरलेल्या असायच्या. गुडघे टेकून टेकून. त्या दोन जागा किती विरल्यात यावरून मी ओळखायचो की या वर्षी मठात कुणाला किती सोसावं लागलंय. तोंडाने कुणी सांगायचं नाही.

सिस्टर बेनिग्ना यांच्या झग्याची मात्र वेगळी गोष्ट होती. त्यांचा झगा खालून खराब व्हायचा. चिखलाने.

सिस्टर बेनिग्ना नर्स. मूळच्या कर्नाटकातल्या, तरुणपणी इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नाहीत, वडिवळ्याच्या धरणापलीकडच्या ठाकरवाड्यांत शिकल्या. त्यामुळे पांढरा झगा घातलेली ही बाई तोंड उघडून "काय वं मास्तर, जेवलासा का न्हाई?" म्हणायची तेव्हा नवीन माणूस दचकायचा. वाड्यांतल्या लोकांना बेनिग्ना म्हणता येईना, त्यांनी बेनीबाई करून टाकलं. आठवड्यातून दोन-तीनदा त्या कामशेतपर्यंत जायच्या, तिथून वडापच्या जीपने आणि मग चालत. बाळंतपणं, जखमा, ताप, क्षयाच्या गोळ्या. खोल खिसा त्यांच्यासाठीच असल्यासारखा. धुवायला टाकलेल्या झग्यातून गोळ्यांची पाकिटं निघायची.

तर त्यांचा झगा भाताच्या खाचरातून जाऊन गुडघ्यापर्यंत माखायचा. मी झगा चार बोटं आखूड केला. मदरनी तो परत पाठवला. नियमात झगा घोट्यापर्यंत. मी परत लांब केला, तो परत माखून आला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा सिस्टर बेनिग्ना स्वतः आल्या आणि काउंटरवर झगा आपटून म्हणाल्या, "मास्तर, तुमी आनि मदर मिळून माजा जीव घेनार. कायतरी डोकं चालवा."

डोकं चालवलं. झग्याच्या खालच्या घेरात आतून सहा बटणं लावली आणि टीचभर वर आतल्याच बाजूच्या पट्टीवर सहा काजं. गावात गेलं की घेर वर घ्यायचा, बटणं लावायची, झगा आखूड. मठाच्या फाटकात आलं की सोडायची, झगा घोट्यापर्यंत. बाहेरून काही दिसत नाही. मदरच्या नियमालाही धक्का नाही आणि खाचरातल्या चिखलालाही नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन हिला दोनदा ती गोष्ट सांगितली. शिंप्याच्या जन्मात असे दिवस थोडे येतात. सबंध मठात बटणांचा झगा एकट्या सिस्टर बेनिग्नांचा. वाड्यांतल्या बायकांना त्याचं कोण कौतुक! ओढ्यापाशी सिस्टर वाकल्या की पोरी म्हणायच्या, "बेनीबाय बटनं लावाया लागली." तो तिथला एक सोहळाच होऊन गेला होता.

झग्याची किंमत काय असते ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. कामशेतच्या एसटी स्टँडवर मी कापड घेऊन बसलो होतो आणि पलीकडे सिस्टर बेनिग्ना जीपची वाट बघत उभ्या होत्या. बाजाराचा दिवस. एका गाडीतून एक लग्न झालेली पोर उतरली ती पळतच. मागून तिचा दादला. स्टँडवर शेकडो माणसं. पोलीस होता, कंट्रोलर होता, तिच्या वयाच्या बायका होत्या. ती कुणाकडे गेली नाही. सरळ जाऊन तिने सिस्टरांचा झगा दोन्ही मुठींत धरला. तो पुरुष आला, हात उगारला, आणि झगा बघून त्याचा हात तसाच राहिला. सिस्टर त्याला इतकंच म्हणाल्या, "आदी खाली घे हात. मग बोलू." त्या पोरीला सिस्टरांचं नाव माहीत नव्हतं, धर्म माहीत नव्हता. कपडा माहीत होता. ती पोर पुढे मठाच्या शिवणवर्गात शिकली, माझ्याकडे काज-बटणांना होती दोन वर्षं.

हे मी सिस्टर रोशनीला सांगायचो. ही मठातली तरुण सिस्टर, स्कूटरवर फिरणारी, कॉलेजात शिकवणारी. तिला झगा नको होता. म्हणायची, "काका, झगा घातला की लोक उठून उभे राहतात आणि बोलायचं थांबतात. मुली मला खरं सांगत नाहीत. मला माणूस म्हणून बसायचंय त्यांच्यात." तिचंही खोटं नव्हतं. मी तिचे कुडते शिवले, मनात न कुरकुरता. ज्याने त्याने आपल्या हाताने कपडा उतरवला तर त्याला बोलायचं काही कारण नाही. दुसऱ्याने उतरवायला लावला की मग प्रश्न येतो.

आता त्या गिऱ्हाइकाकडे येतो. टाळून टाळून किती टाळणार?

लोणावळा आता शनिवार-रविवारचं गाव झालंय. बंगले भाड्याने जातात, आत पोहण्याचा हौद, बाहेर मोठाले स्पीकर. आमचा धंदाही त्याच वळणावर गेला. फाटलेल्या चेनी, उसवलेल्या पँटी, बंगल्यांचे पडदे. कधी कधी सोंगांचे कपडेही. भुताचे, राजाचे, डाकूचे. मी शिवायचो. पोट कुणाला चुकलंय?

एका गुरुवारी दुपारी एक बाई आली. पुण्याकडची, बोलायला गोड, बंगल्यांवर कार्यक्रम बसवून देण्याचा धंदा. तिने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. नन. काळा ढगळ झगा, कापडाचा चमचमाट, व्हेल म्हणजे नुसता फडका. म्हणाली, "असं एक करून द्या, माझ्याच उंचीचं. शनिवारी बंगल्यावर छोटंसं नाटुकलं आहे. एका रात्रीचं काम, कसंही चालेल."

कसंही चालेल! चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला हे म्हणू नये. मी त्या चित्राकडे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "मॅडम, असा झगा नसतो. हा झगाच नाही." ती म्हणाली, "मग कसा असतो?"

आणि मी तिला दाखवला.

मी नको म्हणू शकलो असतो. पैशांचा मोह नव्हता, त्याहून जास्त मला पडद्यांत मिळत होतं. नाटुकलं कसलं असणार हेही मला कळत होतं, लोणावळ्यात केस पांढरे केलेत मी. पण एकदा कात्री हातात घेतल्यावर मला वाईट शिवता येईना. ती उंचीने सिस्टर बेनिग्नांएवढीच होती, म्हणून त्यांचा कागदी फर्मा काढला. त्यावर बेतलं. चुण्या तीन, सारख्या. फीत उरलेली होती, हिला लावायला दिली. हिने विचारलं, "कुणाचा?" मी म्हणालो, "नाटकाचा." ती म्हणाली, "नाटकाला आपली फीत कशाला?" मी ऐकलं नाही. आणि फर्म्यावर खाली बटणांच्या खुणा होत्या, तर हात चालतच राहिला. सहा बटणं, सहा काजं. ती बाई न्यायला आली तेव्हा मी तिला घेर उलटा करून बटणंसुद्धा दाखवली, कौतुकाने. कौतुक कुणाचं? स्वतःचं. शनिवारच्या सोंगाला मी मठातला सगळ्यात चांगला झगा दिला.

दहा-बारा दिवसांनी हिने माझ्यापुढे मोबाइल धरला. हौदाच्या कडेला एक बाई नाचत होती. काळा गॉगल, गळ्यात जपमाळ, हातात बाटली. नाचताना घेर अडकायला लागला तशी तिने वाकून बटणं लावली, आणि भोवतीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "लोणावळ्याच्या मठातल्या बायकांचे धंदे बघा." ती क्लिप मावळातल्या प्रत्येक गावाच्या ग्रुपवर फिरत होती. तोंड नीट दिसत नव्हतं. पण तोंड बघायची गरज कुणाला होती? बटणांचा झगा अख्ख्या मावळात एकीचाच होता.

मी दुकान उघडं टाकून मठात जायला हवं होतं. पोलिसांत जायला हवं होतं. ज्या ज्या ग्रुपवर ती क्लिप आली तिथे लिहायला हवं होतं की हा झगा मी शिवलाय, नाटकाचा आहे. मी काय केलं? उरलेली फीत चुलीत घातली. फर्मा मात्र जाळवेना, तो तसाच ठेवला.

पुढच्या मंगळवारी सिस्टर बेनिग्ना नेहमीसारख्या निघाल्या. धरणाच्या अलीकडे एक गाव आहे, नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते कळेल. तिथे वडापची जीप थांबते. चार-पाच पोरांनी त्यांना अडवलं. मला हे त्या जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं.

"बाई, बाटली कुटं हाय? पिशवीत हाय का?"

"औषदं हायती. चिमाबाईच्या पायाला पट्टी करायचीय. वाट सोडा."

"औषदाच्या नावानं काय काय चालतं आमाला ठावं हाय. धर्म बाटवायला जाता तिकडं. आनि रातचं हे धंदे."

पिशवी रस्त्यात उलटी केली. पट्ट्या, मलम, पोरांना तोलायचा झोळीचा काटा, सगळं धुळीत. एकाने मोबाइल धरला आणि म्हणाला, "जरा बटनं लावून दावा की बाई." बाकीचे हसले. पारावर गावातले एक आबा बसले होते, मोठे जमीनदार. त्यांच्या थोरल्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा याच बाईने चिखल तुडवत जाऊन दोघं जीव वाचवले होते. त्या दोघांपैकी एक जीव आता मोबाइल धरून उभा होता. आबा खाली बघत राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, आबा जोडा झाडत बसलं. जोड्यात काय बी न्हवतं."

सिस्टरांनी वस्तू गोळा केल्या आणि परत फिरल्या. मदरनी हुकूम काढला की मठाबाहेर जाताना झगा घालायचा नाही. मी मदरना दोष देत नाही. त्यांना आणखी अठरा जणींचा जीव सांभाळायचा होता.

चिमाबाई कोण ते सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. धरणापलीकडच्या वाडीतली ठाकर म्हातारी. एकटी सून, ती दिवसभर बंगल्यांवर झाडलोटीला. म्हातारीला कमी दिसतं, ऐकू त्याहून कमी येतं. साखरेमुळे पायाची जखम भरत नव्हती. दर तीन दिवसांनी धुऊन पट्टी करावी लागायची आणि म्हातारी पायाला बेनीबाईशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. सरकारी दवाखाना धरणाच्या अलीकडे. तिथवर तिला झोळीतून न्यावं लागे.

दोन आठवडे सिस्टर जाऊ शकल्या नाहीत. मग त्यांनी माझ्याकडून पंजाबी ड्रेस शिवून घेतला. पुढे काउंटरवर उभ्या राहून म्हणाल्या, "कसला बी रंग चालंल मास्तर. पांढरा सोडून." मी करडा काढला. त्यांना काही सांगितलं नाही. माप जुन्या झग्यावरून घेतलं.

तो ड्रेस घालून, दुसऱ्या रस्त्याने, लांबच्या वळणाने त्या वाडीत गेल्या. आणि वाडी रिकामी झाली. तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. त्या वाड्यांत पंजाबी ड्रेस घालून, हातात वही घेऊन कोण येतं? जमिनीच्या दलालांच्या बायका. गोड बोलतात, अंगठे घेतात, आणि सहा महिन्यांनी डोंगरउताराला तारेचं कुंपण पडतं. बायका लांबूनच बघून रानात शिरल्या. चिमाबाई एकटी घरात होती. दाराशी कुणी करड्या कपड्यातलं आलेलं तिला अंधुक दिसलं. तिने कडी घातली.

सिस्टर ओरडून सांगत होत्या. आतून म्हातारी म्हणत होती, "आमाला अंगटा न्हाई द्यायचा. जा."

"चिमाबाय, मी बेनी!"

"बेनीबाय पांढरी हाय. तू कोन हाईस?"

एक तासभर त्या त्या दाराशी बसल्या. गोळ्यांचं पाकीट दाराखालून सरकवलं आणि परत आल्या. सुनेला गाठायला चार दिवस गेले. तोवर पाय काळा पडला होता. पुण्याच्या दवाखान्यात गुडघ्याखाली कापला.

ही सगळी हकिगत सिस्टरांनीच मला सांगितली. माझ्याच दुकानात, स्टुलावर बसून. आणि मी बटणाला दोरा गुंडाळत राहिलो.

त्यानंतर महिन्याभराने त्या परत आल्या. हातात जुना झगा, मापाचा.

"एक झगा शिवायचाय मास्तर. मदरना विचारून आलेय."

"बाहेर घालायला परवानगी मिळाली?" मी विचारलं. मला खरंच आनंद झाला.

"न्हाई. पेटीत ठेवायला." त्यांच्यात सिस्टर गेली की झगा घालूनच पुरतात. म्हाताऱ्या सिस्टर तो आधी शिवून ठेवतात. मी असे पुष्कळ शिवले होते. "ह्यो घालून निगंन तवा कुनी पिशवी उलटी करायचं न्हाई."

मला राहवलं नाही. मी सगळं बोललो. ती बाई, ते चित्र, फर्मा, फीत, बटणं. बोलताना मला रडू आलं, आणि ते आलं याचाही रागच आला. त्यांनी ऐकून घेतलं.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "क्लिप बगितली त्याच दिशी कळलं. फितीवरची वहिनींची तुरपाई हाय. आनि बटनं तर तुमचीच."

"मग बोलला का नाहीत? ड्रेस शिवायला माझ्याचकडे आलात!"

"वाट बघत व्हते. तुमी बोलाल म्हनून."

मी हात जोडले. म्हणालो, माफ करा.

"माफ करनं आमचं कामच हाय, ते झालं समजा." त्या उठल्या. आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "पन पाय माजा न्हाई गेला. जिचा गेला तिला इचारा."

मी विचारलं, "या झग्याला खिसा ठेवू? बटणं?"

"दोनी ठेवा. तिकडं बी चिखल असला तर?"

तो झगा मी तीन दिवस शिवला. आयुष्यातला सगळ्यात चांगला. फीत हिनेच लावली. नवी फीत आणावी लागली, जुनी मी जाळली होती ना. झगा मठात पोचवला आणि दुकानाला कुलूप घातलं. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात.

मग एका सकाळी वाडीवर गेलो. त्या गावावरूनच गेलो. आबा पारावर होते. म्हणाले, "या मास्तर, च्या घ्या." मी घेतला नाही. एवढंच माझ्याच्याने झालं.

चिमाबाई उंबऱ्यात बसली होती, पाय पदराखाली. सून घरी होती, तिने म्हातारीच्या कानात ओरडून सांगितलं, हे लोणावळ्याचे शिंपी. मी म्हणालो, "आजी, बेनीबाईंचे झगे मी शिवायचो." पुढचं वाक्य मी वाटभर घोकत आलो होतो. तुमचा पाय माझ्यामुळे गेला. एवढंच म्हणायचं होतं.

त्याआधी म्हातारीचं तोंड उजळलं. चाचपडत तिने माझा हात धरला. "तूच व्हय त्यो? बटनं लावनारा? लय ब्येस कापड. लांबनं दिसायचं बग, कमी दिसनारीला बी." मग म्हणाली, "ती करड्या कपड्यात येती आता. बरी न्हाई दिसत. मला वळखू येत न्हाई पयलं. तिला एक पांढरा शिवून दे की बाबा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "शिवलाय आजी. नवाकोरा. बटणांसकट."

"आरं वा," म्हातारी म्हणाली आणि सुनेकडे वळली, "आयकलं का गं, शिवलाय म्हनं." मग माझा हात न सोडता तिने विचारलं, "मग कवा घालून येनार?"